पेढीची तिजोरी आता संगणकात

पूर्वी पेढीवरील विश्वासाची खूण म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. तो ज्याच्या कमरेला असे, त्याच्याकडे घराची जबाबदारी आहे हे न सांगता कळे. आज त्या किल्ल्या दिसेनाशा झाल्या आहेत, पण त्यांची संख्या मात्र वाढली आहे. चालू खात्याचे नेट बँकिंग, जीएसटी, आयकर, ई-वे बिल, डिमॅट खाते, विमा, पेढीचा ईमेल अशी यादी करू गेल्यास मध्यम व्यापारी कुटुंबाचीही ती पानभर होते.

हे पासवर्ड ठेवलेले कोठे असतात? गल्ल्याशेजारच्या डायरीत, दिवाणजींच्या मोबाइलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवरील एखाद्या जुन्या संदेशात, नाहीतर एकाच कर्त्या माणसाच्या स्मरणात. पुष्कळदा एकच पासवर्ड थोड्याफार फरकाने सर्वत्र वापरलेला असतो. यातून दोन संकटे संभवतात. एखाद्या किरकोळ संकेतस्थळावरून तो पासवर्ड फुटला, तर चोर तीच किल्ली बँकेच्या दारालाही लावून पाहतो. आणि कर्ता माणूस अचानक अंथरुणाला खिळला, तर जीएसटीचे विवरणपत्र वेळेवर भरणेही घरच्यांना अवघड होते.

या दोन्ही संकटांवरील उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर. ही एक कूटबद्ध तिजोरी असते. प्रत्येक खात्यासाठी निराळा, लांबलचक पासवर्ड ती स्वतः तयार करते व जपून ठेवते. आपण लक्षात ठेवायचा तो केवळ एक मुख्य पासवर्ड. तिची रचना योग्य असेल, तर ती पुरवणाऱ्या कंपनीलाही आतील पासवर्ड वाचता येत नाहीत. परंतु सर्व किल्ल्या एकाच तिजोरीत ठेवायच्या, तर ती तिजोरी कोणाची घ्यावी, हा प्रश्न उधारीवर माल देण्याइतक्याच काळजीने सोडवावा लागतो.

ही काळजी अनाठायी नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लास्टपास या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत चोरांनी शिरकाव केल्याचे उघड झाले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला कंपनीने जाहीर केले की, ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या राखीव प्रतीही चोरांनी नेल्या आहेत. त्यांतील पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते तसे नव्हते. कोणाचे खाते कोणत्या बँकेत आहे, हे चोरांना उघड वाचता येत होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड भक्कम होता, त्यांची तिजोरी फोडणे अतिशय कठीण होते. ज्यांचा दुबळा होता, त्यांच्या तिजोरीवर चोर आपल्या घरी बसून हवे तितके घाव घालू शकत होते.

मग विश्वास कशावर ठेवावा? कुलपांच्या इतिहासात याचे एक उत्तर सापडते. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने अभेद्य म्हणून गाजलेली चब व ब्रामा यांची कुलुपे उघडून दाखवली. कुलपांची उणीव अशी चारचौघांत सांगावी का, यावर तेव्हा मोठा वाद झाला. हॉब्सचे म्हणणे असे की, चोरांना ही विद्या आधीच अवगत असते; अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. पुढे १८८३ मध्ये ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी गुप्तलेखनाविषयी सिद्धांत मांडला, की यंत्रणेची रचना शत्रूला ठाऊक झाली तरी तिची सुरक्षितता ढळता कामा नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली.

मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, सॉफ्टवेअर याच विचाराशी जुळते. त्याची मूळ संहिता सर्वांना पाहता येते. ज्या पेढीची कीर्द-खतावणी कोणालाही तपासता येते, तिच्याविषयी मनात सहज विश्वास उत्पन्न होतो, तसेच हे आहे.

तथापि वही उघडी आहे, याचा अर्थ ती कोणी वाचली आहे असा नव्हे. ओपनएसएसएल या असंख्य संकेतस्थळांच्या सुरक्षिततेचा आधार असलेल्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये २०१२ साली शिरलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष २०१४ च्या एप्रिलमध्ये उजेडात आला. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. टोपणनावाने वावरणाऱ्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षे विश्वास संपादन करून तो बसवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून तो पकडला गेला. संहिता खुली असल्यानेच त्यांना मुळापर्यंत जाता आले, हेही खरे. खुलेपणामुळे तपासणी शक्य होते. ती आपोआप घडत नाही.

म्हणून नव्या गिऱ्हाइकाची पत पाहताना आपण जशी चौकशी करतो, तशी ती सॉफ्टवेअरचीही करावी.

पहिला प्रश्न असा की, त्याची तपासणी बाहेरच्या तज्ज्ञांनी केली आहे काय व तिचा अहवाल प्रसिद्ध झाला आहे काय? डॉमिनिक राइखल यांनी २००३ पासून विकसित केलेल्या कीपासची तपासणी युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये करवून घेतली. तीत गंभीर स्वरूपाचा दोष आढळला नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या बिटवॉर्डनची तपासणी जर्मनीतील क्युअर५३ या संस्थेने २०१८ मध्ये केली व तिचा अहवाल प्रसिद्ध झाला.

दुसरा प्रश्न, दोष आढळल्यावर कर्ते कसे वागले? चूक प्रत्येकाच्या हिशेबात होते. ती तारखेनिशी मान्य करून त्वरित दुरुस्त करणारा विश्वासास पात्र ठरतो.

तिसरा प्रश्न, याचा खर्च कोण सोसतो? फुकट माल देणाऱ्याची मिळकत कोठून येते, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. बिटवॉर्डन मूळ सेवा विनामूल्य देते व अधिक सोयींसाठी आणि संस्थांकडून शुल्क घेते. कीपास देणग्यांवर चालते. बंगळूरूच्या झिरोधा या दलाली पेढीने २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, कारण तिचा स्वतःचा कारभार अशाच सॉफ्टवेअरवर उभा आहे. ज्या प्रकल्पाला कोणाचाच आधार नाही, तो उद्या बंद पडू शकतो.

चौथा प्रश्न, आपला माल परत नेता येतो काय? सर्व पासवर्ड बाहेर काढून दुसऱ्या तिजोरीत नेण्याची सोय असलीच पाहिजे. मात्र बाहेर काढलेली यादी बहुधा साध्या अक्षरांत असते. काम होताच ती पुसून टाकावी.

पाचवी दक्षता सॉफ्टवेअर उतरवून घेतानाची. २०२३ मध्ये कीपासची खोटी जाहिरात गूगलच्या शोधात झळकली. पत्त्यातील एका अक्षराखाली बारीकशी खूण होती. बाकी सारे हुबेहूब. म्हणून जाहिरातीवरून न जाता अधिकृत पत्ता स्वतः टंकित करावा.

आता प्रश्न उरतो तो तिजोरी आपल्याच घरी ठेवण्याचा. बिटवॉर्डन स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. त्याच्या अ‍ॅपशी जुळणारा व्हॉल्टवॉर्डन नावाचा हलका, अनधिकृत पर्यायही मुक्तस्रोतात उपलब्ध आहे. यात तिजोरी कोण्या परदेशी कंपनीच्या ताब्यात राहत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण खर्चाची बाजूही तितकीच ठळक आहे. सुधारणा वेळच्या वेळी बसवणे, रोजची राखीव प्रत दुसऱ्या जागी ठेवणे, ती खरोखर उघडते की नाही हे अधूनमधून पाहणे, वीज गेल्यास काय करायचे ते ठरवणे, ही सारी कामे आपल्यावर येतात. घरातील हौशी पुतण्याने सर्व्हर उभारला आणि नोकरीनिमित्त तो परगावी गेला, तर तिजोरी आपली असूनही ती सांभाळणारा कोणी नाही, अशी अवस्था होते. ज्या पेढीत हे काम नियमाने करणारी दोन माणसे आहेत, तिनेच हा मार्ग धरावा. इतरांनी तपासलेल्या मुक्तस्रोत सेवेत खाते उघडणे अधिक शहाणपणाचे. एकट्याने एकाच संगणकावर काम करणाऱ्यास कीपासएक्ससीसारखे, सर्व पासवर्ड एकाच कूटबद्ध फाइलमध्ये ठेवणारे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्या फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी.

तिजोरी कोणतीही निवडली तरी काही नियम घरातच ठरवावे लागतात. मुख्य पासवर्ड परस्परांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा असावा व तो अन्यत्र कोठेही वापरू नये. शक्य तेथे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू ठेवावी. दिवाणजींना मालकांचा पासवर्ड देण्याऐवजी बँकेकडून त्यांच्या नावे मर्यादित अधिकाराचा स्वतंत्र प्रवेश मागून घ्यावा. आयकर पोर्टलवर सनदी लेखापालास अधिकृतपणे जोडता येते. तेथेही पासवर्ड देण्याची गरज नसते.

सर्वांत महत्त्वाचा नियम वारसांसंबंधीचा. बिटवॉर्डनच्या सशुल्क योजनेत विश्वासातील व्यक्तीस आणीबाणीचा प्रवेश देता येतो. आपण ठरवलेल्या मुदतीत नकार दिला नाही, तर तिला तिजोरी उघडता येते. ज्यांना हे नको, त्यांनी मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून लॉकरमध्ये ठेवावे व तो लॉकर उघडण्याचा अधिकार असलेल्या जोडीदारास किंवा मुलीमुलांस त्याची कल्पना द्यावी. मात्र पासवर्ड हाती असणे म्हणजे वारसाहक्क नव्हे. खातेदाराच्या निधनानंतर बँकेस कळवून, नामनिर्देशन व कायद्याच्या मार्गानेच पुढील व्यवहार करावेत.

हे सारे एका दिवसात करण्याची आवश्यकता नाही. आधी ईमेल, मग बँक, मग करविषयक पोर्टल, अशा क्रमाने आठवड्याला दोन-तीन खाती तिजोरीत नेली, तरी दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत पेढीच्या सर्व किल्ल्या एका सुरक्षित जागी येतील, आणि ती जागा घरातील किमान दोघांना ठाऊक असेल.