गाडीतला फोन पलीकडून ऐकून निवडा

गाडीसाठी ब्लूटूथ किट घ्यायला दुकानात गेलं की दुकानदार सर्वांत आधी त्यावर गाणं लावतो. आवाज किती मोठा होतो, बास किती घुमतो हे ऐकून गिऱ्हाईक पैसे मोजतं. पण ही परीक्षा भलत्याच विषयाची आहे. गाणं फोनकडून आपल्याकडे येतं आणि तिथेच संपतं. बोलणं दोन्ही दिशांना चालतं, आणि किटचा कस लागतो तो आपला आवाज बाहेर पाठवताना. तो पलीकडे कसा पोचतो हे विकत घेणाऱ्याला कधीच ऐकू येत नाही. ते सोसावं लागतं घरी फोन धरून बसलेल्या आईला, किंवा पत्ता समजावून सांगणाऱ्या मित्राला. पैसे एकाचे आणि कान दुसऱ्याचे असल्यामुळे या बाजारात सुमार माल वर्षानुवर्षं खपत राहतो. म्हणून किट निवडताना स्पीकर मागे ठेवावा आणि मायक्रोफोनपासून सुरुवात करावी.

फोन कानाला लावलेला असतो तेव्हा त्याचा मायक्रोफोन तोंडापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतो. डोक्यावरच्या सन व्हायझरला अडकवलेलं किट साधारण ४० सेंटिमीटर दूर असतं. गिअरजवळच्या लायटर सॉकेटमध्ये खोचलेलं ८० सेंटिमीटरच्या आसपास. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की ध्वनीची पातळी ६ डेसिबलनं उतरते, म्हणजे तीव्रता चौथाईवर येते. पाचाचे चाळीस होईपर्यंत अंतर तीनदा दुप्पट झालं, म्हणजे १८ डेसिबल गेले. चाळीसाचे ऐंशी झाले की आणखी ६. टायर, इंजिन आणि वारा यांचा गोंगाट मात्र गाडीभर जवळजवळ सारखाच असतो. बोलणाऱ्याचा आवाज घटत जातो आणि गोंगाट तिथल्या तिथे राहतो. हा तोटा पुढे कितीही महागडी चिप लावली तरी पुरता भरून निघत नाही. तारेनं जोडलेला वेगळा मायक्रोफोन असलेलं किट मिळत असेल तर ते आधी पाहावं, याचं कारण एवढंच. तो मायक्रोफोन पुढच्या काचेशेजारच्या उजव्या खांबावर वरच्या बाजूला किंवा व्हायझरजवळ चिकटवता येतो. एसीच्या झोतापासून त्याला लांब ठेवावं. झोत थेट मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळला की त्यात उमटणारी घरघर बोलण्यातून वेगळी काढणं फार अवघड जातं.

गाडीतल्या गोंगाटाची एक सोय आहे. त्याची बरीचशी ऊर्जा खालच्या स्वरांत, काही शे हर्ट्झच्या आत असते. बोलण्याचा अर्थ वाहून नेणारी व्यंजनं बरीच वर असतात. त्यामुळे खालचे स्वर गाळून टाकले तरी शब्द शाबूत राहतात. त्यापुढची युक्ती स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये मांडली. बोलणाऱ्यानं श्वास घेतला, क्षणभर थांबला की त्या शांततेत गोंगाटाचा वर्णपट मोजून ठेवायचा आणि बोलणं सुरू झालं की तो त्यातून वजा करायचा. एसीचा पंखा, टायरची घूं घूं अशा एकसुरी आवाजांवर ही वजाबाकी चांगली चालते. मागच्या ट्रकचा हॉर्न तिच्या आवाक्याबाहेरचा, कारण तो मोजून ठेवण्याआधीच वाजून जातो. वजाबाकी हावरेपणानं केली तर बोलण्याचे तुकडेही सोबत जातात आणि पलीकडे टिंगटिंगणारा, पाण्याखालून आल्यासारखा आवाज पोचतो. चांगल्या किटमध्ये दोन मायक्रोफोन असतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. दोन मायक्रोफोनमध्ये दहा सेंटिमीटर अंतर असेल तर एकाच्या बाजूनं आलेला आवाज दुसऱ्याकडे सेकंदाच्या तीन दशसहस्रांश भागानं उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकावरून चिपला आवाजाची दिशा कळते आणि चालकाच्या तोंडाकडून येणारा आवाज उचलून धरता येतो.

सगळ्यात कठीण काम आहे प्रतिध्वनीचं. पलीकडून मावशी बोलतात. त्यांचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघतो, काचांवर आपटतो, मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि मोबाइलच्या जाळ्यातून पुन्हा त्यांच्याकडेच जातो. या फेरीला पाव सेकंद सहज लागतो. स्वतःचाच आवाज एवढ्या उशिरानं कानावर पडू लागला की भल्याभल्यांची जीभ अडखळते. मावशी वैतागून म्हणतात, ‘‘अरे, मला माझंच ऐकू येतंय.’’ दोष त्यांच्या फोनचा नसतो, आपल्या किटचा असतो. आपल्याला मात्र सगळं स्वच्छ ऐकू येत असतं.

हा प्रश्न गाड्यांच्या आधी उपग्रहांनी उभा केला. भूस्थिर उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, आणि प्रतिध्वनी परतायला अर्धा. तोवरचा उपाय सरधोपट होता: एक बाजू बोलत असली की दुसरीची वाट बंद करायची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात वेगळी वाट धरली, आणि त्यांत मनमोहन सोंधी हे आपल्याकडचे, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले अभियंते होते. स्वतःला सुधारत जाणाऱ्या प्रतिध्वनी-निवारकाबद्दलचा त्यांचा लेख १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्पना अशी, की स्पीकरकडे काय पाठवलं हे यंत्राला ठाऊकच असतं. मायक्रोफोनमधून काय परत आलं तेही समोर असतं. दोन्हींची तुलना करून त्यानं मधल्या वाटेचं गणिती प्रारूप बनवायचं, त्यावरून प्रतिध्वनीचा अंदाज काढायचा आणि तेवढाच भाग वजा करायचा. वजाबाकीनंतर काही उरलं तर प्रारूप किंचित बदलायचं, आणि हे अखंड चालू ठेवायचं. आजच्या किटमधली चिप हेच सेकंदाला हजारो वेळा करते. तुम्ही काच खाली केलीत, मागच्या सीटवर कोणी पुढे वाकलं, की आवाजाच्या वाटा बदलतात आणि चिप गाडी नव्यानं शिकू लागते. मला या सगळ्या तंत्रज्ञानातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

खरी फजिती होते ती दोघं एकाच वेळी बोलू लागले की. मायक्रोफोनमध्ये आलेला आवाज प्रतिध्वनी आहे की चालकाचं बोलणं, हे त्या क्षणी चिपला ओळखता यायला हवं आणि तेवढा वेळ शिकणं थांबवायला हवं. स्वस्त किटला हे जमत नाही. ते जुन्या सरधोपट उपायाकडे वळतं आणि एकाचा आवाज सरळ तोडतं. तुम्ही म्हणता, ‘‘आज नको, उद्या या,’’ आणि पलीकडे फक्त ‘‘उद्या या’’ पोचतं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हे गणित स्पीकर इमानदारीनं वाजतोय असं धरून चालतं. छोटा स्पीकर पूर्ण आवाजावर फाटू लागला की त्यातून निघणारे विकृत स्वर मूळ संदेशात नसतातच, आणि वजाबाकी फसते. पलीकडच्याला प्रतिध्वनी येत असेल तर आपल्याकडचा आवाज दोन पायऱ्या उतरवून पाहावा. बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या ब्लूटूथच्या आवृत्तीला मी फारसं महत्त्व देत नाही. स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत १९९४ साली या कामाला सुरुवात झाली. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं; त्याचं मूळ रूप ७९ उपमार्गांवर सेकंदाला १६०० उड्या मारत जातं, म्हणून एकाच गाडीत चार फोन असले तरी गोंधळ होत नाही. २०१६ च्या ५.० आवृत्तीतल्या मुख्य सुधारणा कमी ऊर्जा वापरणाऱ्या उपकरणांसाठी होत्या. गाडीतलं बोलणं बहुतेक वेळा अजूनही जुन्याच जोडणीवरून जातं. त्यामुळे ५.० ऐवजी ५.३ असल्यानं आवाज स्वच्छ होईलच असं नाही. विचारायचं ते हे, की किट ‘एचडी व्हॉइस’ किंवा ‘वाइडबँड’ बोलणं पेलतं का. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेत असे, आणि सुरुवातीच्या ब्लूटूथनंही तोच धरला. ‘स’ची बरीच ऊर्जा त्याच्या वर असते. ‘सहा वाजता’ म्हटलं की त्यातलं ‘हा वाजता’ तेवढं ठळक पोचतं आणि पलीकडून ‘‘सहा की दहा?’’ असं विचारावं लागतं. २०११ मध्ये हँड्सफ्रीच्या नियमावलीत ७००० हर्ट्झच्या आसपास जाणारा रुंद पट्टा आला. किट, फोन आणि दोन्हींकडचं मोबाइल जाळं यांपैकी एकानंही तो पेलला नाही तर सगळं पुन्हा अरुंद पट्ट्यावर येतं.

बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो एफएम ट्रान्समीटर. लायटर सॉकेटमध्ये खोचला, गाडीचा रेडिओ त्याच्या फ्रिक्वेन्सीवर लावला, की काम झालं. एफएमचा गुण असा, की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लहरी आल्या तर जोरदार लहर दुसरीला जवळपास पुसून टाकते. गावाबाहेर हे आपल्या फायद्याचं, मुंबई-पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३ अशी केंद्रं पट्टाभर बसलेली असल्यामुळे मोकळी जागा शोधावी लागते, आणि प्रवासात पुढच्या शहराचं केंद्र मध्येच आपल्या फोनवर चढून बसतं. त्यात मायक्रोफोन गिअरपाशी. गाण्यांसाठी ठीक, बोलण्यासाठी मी तो घेणार नाही. ऑक्स सॉकेटमध्ये लावायचा रिसीव्हर ध्वनीच्या दृष्टीनं बरा, पण तोच गाडीच्या चार्जरवर चालवला तर कधीकधी एक बारीक शिट्टी ऐकू येते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढणारी. अल्टरनेटरच्या विजेतले चढउतार अर्थिंगच्या वाटेनं आवाजात शिरतात, त्याची ती शिट्टी. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचा छोटा डबा मध्ये जोडला की ती बहुधा जाते. जुन्या गाडीचा स्टिरिओ बदलायचाच असेल तर बाहेरचा मायक्रोफोन जोडता येणारा स्टिरिओ घ्यावा. माझ्या मते पैशाचं चीज त्यातच होतं. वायरिंगला हात लावायचा नसेल तर व्हायझरवरचं किट. त्यात लिथियम बॅटरी असते, आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. अशा ठिकाणी किट काढून सावलीत ठेवण्याची सवय हवी.

परत करण्याची मुदत असेपर्यंत किटची परीक्षा घ्यावी. गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला सांगावी, आपण घरी फोन धरून बसावं. काचा बंद, एसी मध्यम, वेग साठच्या आसपास. गाडीतल्या सोबत्यानं मायक्रोफोनच्या जवळ सरकू नये. चालकालाच दोन-चार वाक्यं बोलू द्यावीत, काही आकडे सांगू द्यावेत. मग त्याचं बोलणं चालू असतानाच आपण मध्ये बोलावं आणि त्याचं वाक्य तुटतं का ते ऐकावं. आपलाच आवाज परत येतो का हेही कळेल. सहा आणि दहा न विचारता ओळखू आले तर किट कामाचं.

इतकं करूनही एक गोष्ट कोणतंही किट करू शकत नाही. टोरांटोमधल्या ६९९ चालकांच्या फोन-नोंदी तपासून १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फोन चालू असताना अपघाताची शक्यता चौपट दिसली आणि हात मोकळे असल्याचा फायदा दिसला नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधूनही तसाच निष्कर्ष आला. पुढे गाडीत कॅमेरे लावून झालेल्या अभ्यासांनी जास्त बोट ठेवलं ते नंबर शोधण्यावर आणि मेसेज टाइप करण्यावर, म्हणजे रस्त्यावरून नजर हटण्यावर. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पडद्याकडे दोन सेकंद पाहिलं की ४४ मीटर न पाहता कापले. किट नजर आणि हात सोडवतं, डोकं सोडवत नाही, आणि तुटक आवाज समजून घेण्यात ते आणखी गुंततं. कायद्याचा रोख हातातल्या फोनवर आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं आणि फोनवर बोलणं यांतला फरक अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात २००८ मध्ये तपासला गेला. शेजारचा माणूस रस्ता पाहत असतो. गर्दी वाढली की त्याचं बोलणंही रस्त्याकडे वळतं. फोनवरच्याला वळण दिसत नाही, तो प्रश्न विचारत राहतो. म्हणून फोन घेतल्याबरोबर ‘‘गाडी चालवतोय’’ हे आधी सांगावं, आणि फोन घेण्याचं व नाकारण्याचं बटण न पाहता बोटाला सापडेल असंच किट घ्यावं. गुळगुळीत टच पॅनेलपेक्षा उंचवटा असलेलं साधं बटण चांगलं. खंबाटकी घाट चढताना फोन वाजला तर नाकारण्याचं बटण वापरावं आणि वर पोचल्यावर गाडी बाजूला घेऊन निवांत बोलावं.