तोरण्यावरची चांदी

दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंच्या माहेरी, वेल्ह्याला जायचं ठरलं तेव्हा धाकट्याने एकदम विचारलं, "आई, तोरण्यावर चांदीची खाण होती ना गं?" शिवाजी महाराजांना तोरण्यावर धन सापडलं, हे त्याने शाळेत ऐकलं होतं. धन म्हणजे सोनं-चांदी आणि सोनं-चांदी म्हणजे खाण. झाला हिशोब!

मी हसले खरी, पण माझ्याही डोक्यात त्या दिवसांत चांदीच होती. लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि दिवाळीनंतर फी भरायची होती. माझ्या आईने लग्नात दिलेलं चांदीचं ताट, दोन वाट्या, तांब्या-भांडं, निरांजन आणि पैंजण कपाटात होते. चांदीचा भाव २०२५ मध्ये किलोमागे लाखाच्या वर गेला, तेव्हा ह्यांनी हळूच विषय काढला होता. मी गप्प बसले. आई आता नाही. तिची एवढीच तर आठवण. ती सोनाराच्या तराजूत कशी टाकायची?

तर तो विषय घरी ठेवून आम्ही निघालो. भोरहून कापूरहोळ, नसरापूर आणि मग वेल्हे. हाच तो तालुका, ज्याचं नाव 'राजगड' करायला सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली. गावात उतरलं की मान वर करूनच तोरणा बघावा लागतो. उंची १४०३ मीटर, म्हणजे सुमारे ४६०० फूट. पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. त्याला प्रचंडगड असंही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. सासूबाई म्हणाल्या, "माझे गुडघे कुठले चढतायत! तुम्ही जा. आल्यावर मला सांगा, सापडली का चांदी."

चढ दमवणारा आहे, खोटं कशाला सांगू! शेवटच्या टप्प्यात कातळ लागतो, तिथे लोखंडी रेलिंगला धरून जावं लागतं. थांबत थांबत, गूळ-शेंगदाणे खात तीन तासांनी बिनी दरवाजात पोहोचलो. पुढे कोठी दरवाजा, तोरणजाईचं ठाणं, मेंगाईचं देऊळ. महाराजांनी अगदी तरुण वयात हा गड घेतला आणि डागडुजी करताना मोहरांचे हंडे सापडले, असं सांगतात. लोक तोरणजाईच्या ठाण्याकडे बोट दाखवतात. त्या धनातून समोरचा मुरुंबदेवाचा डोंगर बांधून काढला, तोच राजगड.

"म्हणजे खाण नव्हतीच?" धाकट्याचा चेहरा पडला.

मग ताईने त्याला समजावलं. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. हा काळा दगड बांधायला उत्तम, पण त्यात चांदीच्या खाणी नाहीत. आपल्या देशात चांदी निघते ती मुख्यतः राजस्थानात, शिसं आणि जस्ताच्या बरोबर. उदयपूरजवळच्या जावरला तर शेकडो वर्षांपूर्वीच्या खाणी आहेत आणि धातू गाळायच्या मातीच्या नळ्यांचे ढीग अजून पडलेले आहेत. महाराजांच्या काळातली पुष्कळशी चांदी तर सातासमुद्रापलीकडून यायची. दक्षिण अमेरिकेत पोतोसी नावाचा डोंगर आहे. तिथे स्पॅनिश लोकांनी १५४५ पासून चांदी उपसली. ती जहाजांनी, व्यापाऱ्यांच्या हातांनी फिरत फिरत सुरतेसारख्या बंदरांत पोहोचायची. १६६४ मध्ये सुरतेहून आणलेली दौलतही राजगडावरच आली होती. पोतोसीच्या डोंगरात स्थानिक लोकांना सक्तीने राबवलं गेलं आणि कितीतरी माणसं तिथे मेली. आपल्या आजी-पणजीच्या जोडव्यांत त्या डोंगराचा एखादा कण असेलही, कुणी सांगावं!

"मग इथल्या लोकांनी डोंगर खणलाच नाही?" धाकटा हट्ट सोडेना.

खणला ना! आम्ही एका टाक्याच्या काठावर बसलो होतो. कातळ चौकोनी तासून काढलेला, छिन्नीच्या खुणा अजून दिसत होत्या. खाली हिरवट, गार पाणी. गडावरची टाकी म्हणजे एका अर्थी खाणीच. पाथरवटांनी दगड काढला, तो तटा-बुरुजांना लागला आणि जो खड्डा झाला त्यात पावसाचं पाणी साठलं. एका कष्टात दोन कामं. किल्ला बांधायचा तर आधी पाणी बघावं, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, असं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सांगून ठेवलं आहे. तोरण्यावरून समोर राजगड दिसत होता. युनेस्कोने २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात तो आहे. हंड्यांतलं धन तसंच झाकून ठेवलं असतं, तर हा राजगड उभा राहिला असता का, असं मनात येऊन गेलं.

संध्याकाळी पाय ओढत घरी आलो. सासूबाईंनी गरम पाण्याची बादली पुढे ठेवली आणि विचारलं, "मग, मिळाली का चांदी?" धाकटा म्हणाला, "नाही आजी, नुसते दगड आणि पाणी."

त्या हसल्या आणि आम्हाला परसात घेऊन गेल्या. तिथे जुनी विहीर आहे. "चांदी बघायची ना? ही बघ. ही खणताना दहा हातांवर काळा खडक लागला. सुरुंगाला पैसे नव्हते. आमची आई रोज दोन खेपा ओढ्यावरून पाणी आणायची, पाय सुजायचे तिचे. तिने पायातले चांदीचे तोडे काढले आणि बाबांच्या हातावर ठेवले. बाबा घेईनात. तर म्हणाली, हे तोडे घालून ओढ्यावर जायचं, का ते देऊन घरात पाणी आणायचं, तुम्हीच सांगा."

"मग पणजीला वाईट नाही वाटलं?" लेकीने विचारलं.

"वाटलं की! रात्री रडली. मी बघितलं ना. पण मला कधी ओढ्यावर जावं लागलं नाही. शाळेत गेले, सातवीपर्यंत शिकले."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. घरात कुणी त्यांना काही बोललं होतं का, मी विचारलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हटलं, "आई, भोरला गेल्यावर सोनाराकडे जाऊन येते म्हणते." त्या कूस बदलत म्हणाल्या, "जा. पण निरांजन ठेव गं. दिवा लावायला लागतं घरात."

मैत्रिणींनो, तोरण्याला जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. पायात चांगले बूट हवेत. प्यायचं पाणी घरूनच न्या आणि दुपारी उशीर न करता उतरायला लागा. भर पावसात मुलांना घेऊन त्या कातळावर जाऊ नका.

आणि हो, लेकीची फी भरली. ताट, वाट्या, तांब्या-भांडं आणि पैंजण गेले. सोनाराने वजन केलं तेव्हा मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले, आत थांबवलं नाही. परवा लेक पहिल्यांदा पांढरा गणवेश घालून निघाली, तेव्हा देवापुढे निरांजन लावलं आणि तिला म्हटलं, "आजीच्या पाया पड." तिने आधी सासूबाईंना वाकून नमस्कार केला, मग भिंतीवरच्या माझ्या आईच्या फोटोला.