निरोप अडवणारा रेणू

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. असल्या टंचाईत, उन्हात राबणाऱ्याच्या अंगातलं पाणी तुटतं आणि मूत्रपिंडाच्या नलिकांना रक्त कमी पडतं. या नलिकांच्या पेशी ऊर्जेच्या बाबतीत मोठ्या खादाड. प्राणवायू घटला की लगेच ताणाखाली येतात. इजा झालेल्या मूत्रपिंडात एमआयआर-२१ हा जेमतेम २२ अक्षरांचा मायक्रोआरएनए वाढलेला दिसतो. तो प्रथिनं बनवत नाही, बनवण्याचे निरोप अडवतो. चरबीतून ऊर्जा काढणाऱ्या जनुकांचेच निरोप अडले, की पेशी खंगते आणि व्रणासारखे तंतू साचतात.

मग या रेणूलाच रोखलं तर? उंदरांत जमलं. माणसांत, अल्पोर्ट या मूत्रपिंडाच्या आनुवंशिक आजारावरची अशा औषधाची चाचणी २०२२ मध्ये थांबवावी लागली, गुण दिसेना. असं औषध येईपर्यंत, मूत्रपिंडाला जास्त धोका असलेल्या नांदेड-लातूरच्या मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी दरवर्षी रक्तातलं क्रिएटिनिन व लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं.