आठ षटकांचा हंगाम

वऱ्हाडातल्या खेड्यांत क्रिकेटचा हंगाम सोयाबीनची सोंगणी ठरवते. मानोरा तालुक्यातलं इंझोरी घ्या, नाहीतर कारंजा-मंगरुळपीर भागातलं कुठलंही गाव घ्या. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, मळणीयंत्राची घरघर थांबते, दिवाळीला पुण्या-मुंबईची पोरं घरी येतात आणि कुणाच्या तरी रिकाम्या वावरात रोलर फिरू लागतो. चुन्याची फक्की मारून सीमारेषा आखली जाते. पुढे तुरीची आणि हरभऱ्याची सोंगणी लागायच्या आत सगळं आटपायचं असतं. म्हणून सामना आठ षटकांचा, आणि दिवसाला असे अनेक सामने. जिंकलेला संघ घोटभर पाणी पिऊन पुन्हा मैदानात उतरतो.

एकामागून एक सामने खेळणं ही आता शहरातल्या बंदिस्त टर्फची खासियत समजली जाते. गेल्या तीसेक वर्षांचा हौशी खेळ आठवून पाहिला, तर ही रीत खूप जुनी निघते आणि तिचं मूळ टंचाईत सापडतं. कधी जागेची टंचाई, कधी उजेडाची, कधी पैशाची, कधी रिकाम्या वेळेची. टंचाई बदलली तसे नियम बदलले. नियम बदलले तसं संघात कुणाला स्थान मिळतं, तेही बदलत गेलं.

नव्वदच्या दशकात बहुतेक काळ हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. त्याचा वेगळा वाशीम जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. त्या काळात गावात लेदरचा बॉल दिसणं कठीण. पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट यांचा खर्च कुणाच्या आवाक्यात नव्हता. शिवाय इथली काळी माती ओली असताना पायाला चिकटते आणि वाळली की तिला भेगा पडतात. अशा खेळपट्टीवर लेदरचा बॉल कुठून कसा उसळेल याचा नेम नसतो. टेनिस बॉलला हे सगळं चालतं. बॅट एक असली तरी दोन्ही संघांचं भागतं.

बाहेरगावचा संघ जीपमध्ये कोंबून यायचा. भाड्याचे पैसे वर्गणीतून, प्रवेश फी एखाद्या हौशी दुकानदाराच्या किंवा पुढाऱ्याच्या खिशातून. बक्षिसांवर सौजन्य म्हणून त्यांचीच नावं. पुढच्या फेरीसाठी तोच संघ पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलवायचा, तर भाडं पुन्हा आलं. त्यापेक्षा उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम सामना एकाच दिवशी उरकलेला सगळ्यांना परवडायचा. मैदानावर दिवे नव्हते, आणि घरची वीजसुद्धा भारनियमनाच्या वेळापत्रकाने यायची. त्यामुळे दिवेलागणीच्या आत शिल्ड कुणाच्या तरी हातात पडणं भाग होतं.

अशा दिवसात कर्णधाराची परीक्षा दुसऱ्या सामन्यापासून सुरू होते. पहिल्या सामन्यात वाट्याची दोन्ही षटकं जीव तोडून टाकलेला वेगवान गोलंदाज तिसऱ्या सामन्यापर्यंत ढिला पडतो. कडक जमिनीवर धावून टाचा दुखतात, पोटात सकाळच्या पोह्यांपलीकडे काही नसतं. कुणाला राखायचं, कुणाला आधी खर्च करायचं, हे कर्णधाराला सकाळीच मनाशी ठरवावं लागतं. आणि दुपारी केव्हा तरी हुकमी गोलंदाज खांदा चोळत सांगतो, “माहा हात भरून आला भाऊ, आता दुसऱ्याले दे.” तेव्हा कुठे सीमारेषेवर उभ्या असलेल्या पोराच्या हातात बॉल येतो.

त्या पोराबद्दल थोडं बोललं पाहिजे. आठ षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला दोन षटकं दिली, तर चार गोलंदाजांत काम भागतं. फलंदाजी पहिल्या पाचांपलीकडे क्वचित जाते. उरलेले दोघे-तिघे दिवसभर तीन-तीन सामने ऊन खात क्षेत्ररक्षण करतात आणि बॅट-बॉलला हात न लावता जीपमध्ये बसतात. आठ षटकांचा खेळ जलद होता, चुरशीचा होता, पण त्यात सगळ्यांचा वाटा नव्हता.

अडचणीत किंवा थोड्या वेळात खेळ बसवल्याची उदाहरणं इतरत्रही आहेत. मुंबईत 1948 साली सुरू झालेली कांगा लीग ऐन पावसाळ्यात खेळली जाते. चिखल आणि सरी गृहीत धरूनच तिथले फलंदाज तयार झाले. 1992 साली हाँगकाँगमध्ये सहा-सहा खेळाडूंची आणि पाच-पाच षटकांची स्पर्धा सुरू झाली. तिथे यष्टिरक्षक सोडून प्रत्येकाला एक षटक टाकावंच लागायचं. इंग्लंडने 2003 साली वीस षटकांचा सामना आणला तेव्हा जगभर नवलाई झाली. आमच्या वावरांत त्याच्या निम्म्याहून कमी षटकांत निकाल लागत होते.

या सगळ्यांत नियमांच्या बाबतीत शहाणा निघाला तो ऑस्ट्रेलियातला इनडोअर क्रिकेटचा प्रकार. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पर्थमध्ये तो रुजला आणि डेनिस लिलीच्या नावाच्या केंद्रांनी त्याला हातभार लावला. चारी बाजूंनी आणि डोक्यावर ताणलेली जाळी, आठ खेळाडू, सोळा षटकं. फलंदाजीच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला चार षटकं. बाद झालेला फलंदाज तंबूत जात नाही. संघाच्या पाच धावा कापल्या जातात आणि तो खेळतच राहतो. गोलंदाजीत प्रत्येकाला दोन षटकं. हिशेब असा बसवलाय की न खेळता कुणी घरी जाऊ शकत नाही. सामना साधारण सव्वा तासात संपतो, दुसरे दोन संघ दाराशी थांबलेले असतात, आणि संध्याकाळभर जाळीतले सामने एकामागून एक चालतात. वेळ कमी आणि जागा भाड्याची, म्हणून वाटणी काटेकोर.

आपल्याकडे वारं फिरलं ते 2007 च्या सप्टेंबरात. भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, पुढच्या एप्रिलमध्ये आयपीएल आली. गावच्या स्पर्धांची पत्रकं रंगीत झाली, बक्षिसांचे आकडे फुगले. पुढे स्वस्त एलईडी दिवे आले आणि रात्रीचे सामने सुरू झाले. उजेडाची टंचाई सरली, तरी दिवसांची नाही. त्यामुळे आधी संध्याकाळपर्यंत चालणारी सामन्यांची रांग आता मध्यरात्र ओलांडू लागली. बक्षिसासाठी बाहेरचे तरबेज खेळाडू बोलावले जाऊ लागले, तसे पत्रकांवर ‘आधार कार्ड आवश्यक’ असेही नियम झळकले. ज्या पोराला आधीच बॉल मिळत नव्हता, त्याची जागाही आता पाहुण्याने घेतली.

तरी याच मोकळ्या मैदानांनी काही मोठी दारं उघडली. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिस बॉलवरच वेगवान गोलंदाजी शिकला. 2008 साली तो विदर्भाकडून प्रथम श्रेणीत आला आणि नोव्हेंबर 2011 मध्ये भारताकडून कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. 2018 च्या पहिल्याच दिवशी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्या हंगामात तो राखला आणि 2025 साली तिसऱ्यांदा मिळवला. मार्च 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची दहा षटकांची आयएसपीएल ही लीग खेळली गेली, तेव्हा गावोगावच्या या खेळावर लिलावाची बोली लागलेली सगळ्यांनी पाहिली.

याच वर्षांत आमच्या भागातली पोरं शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याकडे सरकत गेली. तिथे वावर नाही, मैदान असलं तर त्यावर दुसऱ्याचा हक्क. मग सापडलं टर्फ: इमारतींच्या मधल्या तुकड्यावर हिरवं कृत्रिम गवत, चौफेर जाळी, वर दिवे आणि तासाचं भाडं. रात्री शिफ्ट संपल्यावर तासाची वेळ घ्यायची आणि त्यात सहा-सहा षटकांचे दोन सामने बसवायचे. पहिला हरला तर दुसरा लगेच. टीमही तीच, रुसवेही तेच. बॉल थेट वरच्या जाळीला लागला तर काय, बाजूच्या जाळीवरून आलेला झेल एका हाताने घेतला तर काय, हे नियम प्रत्येक जागी वेगळे, आणि पहिली पाच मिनिटं त्याच भांडणात जातात. कृत्रिम गवतावर पाय अडकतो, वळताना गुडघा बोलतो. दुसऱ्या सामन्यात ते जास्त जाणवतं, कारण मध्ये बसायला वेळच नसतो. भाड्याचं घड्याळ चालू असतं.

टर्फने एक गोष्ट मात्र सहज साधली, जी वावरात कधी साधली नव्हती. भाडं डोईप्रमाणे वाटलं जातं, सामना संपायच्या आत ते फोनवरून जमा होतं. वर्गणी सारखी दिली, तर ओव्हरही सारखी मागितली जाते. “मी पैसे काय फिल्डिंगले दिले का?” या प्रश्नाला कर्णधाराकडे उत्तर नसतं. पर्थच्या नियमपुस्तकाने जे लिहून ठेवलं, ते पुण्याच्या टर्फवर खिशाने घडवून आणलं.

त्याची किंमतही तिथेच मोजली गेली. ज्याच्याकडे पैसे नाहीत पण ज्याच्या हातात वेग आहे, असा पोरगा टर्फच्या जाळीबाहेर राहतो. इंझोरीच्या वावरात त्याला कुणी वर्गणी विचारत नाही. उलट सकाळी त्याच्या घरी जाऊन त्याला उठवून आणतात. धुऱ्यावर बसलेले म्हातारे, ट्रॉलीवर माईक घेऊन समालोचन करणारा गावचा वाचाळ गडी, षटकाराला खिशातून शंभराची नोट काढून देणारा कुणी, यांपैकी कुणालाही जाळीत जागा नाही. मोकळं मैदान गुण पाहून आत घेतं आणि आत घेतल्यावर काहींना नुसतं उभं ठेवतं. जाळीतला खेळ पैसे पाहून आत घेतो आणि आत घेतल्यावर सगळ्यांना खेळवतो.

यातलं एकच निवडायला हवं असं नाही. इंझोरीला टर्फची गरज नाही. जमीन आहे, माणसं आहेत, सुगीनंतरचे दिवस आहेत. पुढच्या हंगामाचं पत्रक छापताना नियमांत फक्त एक ओळ वाढवता येईल: एका गोलंदाजाला एकच षटक. आठ षटकांना आठ गोलंदाज लागतील. दिवसभरात तीन सामने पडले तरी एकाचाच खांदा भरून येणार नाही, बाहेरून आणलेला एक तरबेज खेळाडू सगळा सामना खाऊन टाकणार नाही, आणि सीमारेषेवरच्या पोराला कुणाचा हात दुखायची वाट पाहावी लागणार नाही. याला दमडीचाही खर्च नाही. पहिल्या वर्षी काही संघ कुरकुर करतील, कदाचित दोन-चार येणारही नाहीत. जे येतील, त्यांना आपल्या गावात आणखी कोण बॉलिंग टाकू शकतं ते कळेल.