गुडघाभर पाण्याचा इतिहास
फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला कीज नावाची बेटांची रांग आहे. ती आणि मुख्य भूमी यांच्यामधला फ्लोरिडा बे इतका उथळ आहे की बऱ्याच ठिकाणी पाणी कमरेच्या वर जात नाही. तळाला समुद्रगवत, कडेला कांदळवन. भरती चढू लागली की बोनफिश हा मासा या उथळ पाण्यावर, म्हणजे फ्लॅट्सवर, चरायला येतो, तोंड चिखलात खुपसून कोळंबी-खेकडे शोधतो आणि त्याची शेपटी पाण्याबाहेर चमकते. ती शेपटी लांबून हेरायची, लांब काठीने होडी रेटत चाहूल न देता जवळ जायचं आणि पिसं-दोऱ्याचं आमिष, म्हणजे फ्लाय, नेमकं त्याच्या पुढ्यात टाकायचं. फ्लॅट्सवरची मासेमारी म्हणतात ती हीच. इथे आधी मासा दिसावा लागतो, गळ नंतर.

ही नजर तयार झाली कीजमधल्या आयलामोराडा गावात. २ सप्टेंबर १९३५ च्या वादळाने ते गाव झोडपलं, हेन्री फ्लॅग्लरने समुद्रातून बांधलेली रेल्वे उखडली आणि झेन ग्रेसारखा लेखक जिथे मासेमारीला येत असे तो लाँग की बेटावरचा तळही नष्ट केला. रेल्वे पुन्हा उभी राहिली नाही. तिच्याच पुलांवरून १९३८ मध्ये मोटाररस्ता झाला आणि बाहेरचे शौकीन येऊ लागले. पुढच्याच वर्षी बिल स्मिथ या गाईडने ठरवून फ्लायवर बोनफिश पकडला आणि तो तसा पहिलाच मानला जातो. त्यांची पत्नी बॉनी आणि तिच्या बहिणी फ्रँकी व ब्यूला याही गाईड होत्या. लेडलॉ बहिणी म्हणून त्या ओळखल्या जात. हा पुरुषांचा खेळ म्हणून सांगितला जातो, तेव्हा त्याच्या पहिल्या पिढीत काठीने होड्या रेटणाऱ्या या तिघींचं नाव आवर्जून घ्यायला हवं असं मला वाटतं.

फ्रँकीचे पती जिमी ऑलब्राइट १९४७ मध्ये लेखक जो ब्रुक्स यांना घेऊन फ्लॅट्सवर गेले. ब्रुक्स यांनी फ्लायवर बोनफिश पकडले, त्यावर लिहिलं आणि हा छंद देशभर पोचला. त्याच वर्षी मार्जरी स्टोनमन डग्लस यांचं फ्लोरिडा बेच्या उत्तरेच्या एव्हरग्लेड्स या गवताळ दलदलीवरचं पुस्तक आलं आणि डिसेंबरात एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचं लोकार्पण झालं. पण त्याच वर्षी दक्षिण फ्लोरिडात मोठे पूरही आले. पूर आवरण्यासाठी १९४८ मध्ये कालवे, बांध आणि पंपांची प्रचंड योजना मंजूर झाली. ओकीचोबी सरोवराचं जे पाणी या दलदलीतून संथपणे दक्षिणेला सरकत फ्लोरिडा बेमध्ये उतरायचं, ते आता पूर्वेला आणि पश्चिमेला समुद्रात सोडलं जाऊ लागलं. मधे आडवा टामियामी ट्रेल हा रस्ता तर १९२८ पासूनच होता. फ्लॅट्सचं भाग्य तिथे, दूर उत्तरेला ठरलं.

पुढची तीसेक वर्षं बहराची. बिल कर्टिस यांनी १९७० च्या दशकात इंजिनाच्या वर उभं राहायला मचाण बसवलं. गाईडची नजर उंच झाली आणि मासा आणखी लांबून दिसू लागला. पकडलेला बोनफिश परत सोडण्याची रीतही रुजत गेली.

१९८७ मध्ये समुद्रगवत मरू लागलं. उथळ पाणी उन्हाने आटतं आणि वरून गोडं पाणी आलं नाही तर त्यातलं मीठ वाढत जातं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, चिखलातला सल्फाइड मुळांत शिरतो. ४,००० हेक्टरवरचं गवत पूर्ण गेलं, आणखी सुमारे २३,००० हेक्टरला झळ लागली. मग कुजलेल्या गवतावर शेवाळ माजलं आणि नितळ पाणी गढूळ झालं. ज्या मासेमारीचा सगळा भर दिसण्यावर, तिच्यावर यापेक्षा मोठा घाव नसेल. शेपट्या कमी झाल्या हे गाईडांनी शास्त्रज्ञांच्या बरंच आधी सांगितलं होतं, आणि त्यांचं बोलणं नोंदीइतकं मोलाचं मानायला वेळ लागला, ही या इतिहासातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे.

जानेवारी २०१० च्या थंडीच्या लाटेने उरलेल्यांतले कितीतरी मासे मारले. २०१३ मध्ये फ्लोरिडाने बोनफिश पकडल्यावर सोडून देणं कायद्याने बंधनकारक केलं. नियम रास्तच होता. पण २०१५ च्या अवर्षणात पुन्हा सुमारे १६,००० हेक्टर गवत मेलं. सोडून दिलेल्या माशाला चरायला रान नको का?

त्या मानाने पाण्याचं काम रेंगाळलं. एव्हरग्लेड्स पूर्ववत करण्याची योजना २००० मध्ये मंजूर झाली. टामियामी ट्रेलखालून पाणी वाहावं म्हणून उभारलेला पहिला, सुमारे दीड किलोमीटरचा पूल २०१३ मध्ये पूर्ण झाला. २०१६ मध्ये गाईडांनी स्वतःच स्वच्छ पाण्यासाठी संघटना काढली. सुनावण्यांना हजर राहणं, आमदारांना होडीत बसवून मेलेलं गवत दाखवणं हाही आता त्यांच्या धंद्याचा भाग झाला आहे.

एवढ्यात माशाचीही नवी ओळख होत गेली. बहामाजजवळच्या अभ्यासांत दिसलं की उथळ पाण्यातला हा जीव अंडी घालायला रात्री शंभर मीटरहून खोल जातो. पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात आणि दीड-दोन महिने प्रवाहाबरोबर वाहत राहतात. त्यामुळे कीजमधले काही बोनफिश क्यूबा किंवा बेलीझच्या बाजूने आलेले असू शकतात. बेलीझने २००९ मध्येच हा मासा मारण्यावर बंदी घातली, तिचा लाभ फ्लोरिडालाही मिळत असावा. अलीकडे कीजमधले गाईड लहान बोनफिशच्या टोळ्या पुन्हा दिसू लागल्याचं सांगतात.

आणि २०२२ मध्ये दक्षिण फ्लोरिडातल्या ९३ बोनफिशच्या तपासणीचे निष्कर्ष आले. माणसांची औषधं सरासरी सात, आणि एका माशात तर सतरा. रक्तदाबाची, नैराश्यावरची, वेदनाशामकं, प्रतिजैविकं. सांडपाणी शुद्ध करणारी नेहमीची केंद्रं ही द्रव्यं पुरती काढू शकत नाहीत. त्यासाठी वेगळी यंत्रणा बसवावी लागेल.