स्पीकर बदलण्याआधी टाळी वाजवा!

इंटर्नशिपचे पहिले पैसे खात्यात जमा झाले की कुणी शूज घेतं, कुणी हप्त्यावर मोबाइल. तुमच्यापैकी काही वेड्यांनी मात्र स्पीकरची जोडी घेतली असेल. दुकानात ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. घरी आणली, वायरी जोडल्या, आवडतं गाणं लावलं... आणि पार पोपट! गायिका बाथरूममध्ये उभी राहून गातेय, बेस नुसता घूं घूं करतोय आणि गिटार कुठून वाजतंय याचा पत्ताच नाही.

मग रात्री दोन वाजेपर्यंत रिव्ह्यू बघणं सुरू होतं. अ‍ॅम्प बदलू का? जाड वायर आणू का? की स्पीकरच विकून टाकू? थांबा. खिशात हात घालण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. खोलीच्या मधोमध उभे राहा आणि एकच टाळी जोरात वाजवा. टाळीमागून 'झर्रर्र' असा आवाज आला? मग गुन्हेगार सापडला. तो स्पीकर नाही, तुमची खोली आहे.

'शब्द कळत नाहीत गं'

हा शोध मला फार उशिरा लागला. गेल्या वर्षी मी सेकंडहँड बुकशेल्फ स्पीकर घेतले, निम्मे माझ्या हौसेसाठी, निम्मे आजोबांसाठी. म्हटलं, भीमसेनजींची संतवाणी पुन्हा घरात वाजेल. पहिल्या दिवशी आजोबा कौतुकाने येऊन बसले. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत उठले. "आवाज मोठा आहे, पण शब्द कळत नाहीत गं." तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

घरात सगळ्यांनी निकाल देऊन टाकला : आजोबांचे कान गेले. मी आवाज आणखी वाढवायचे, ते आणखी वैतागायचे. कान थोडे कमी झाले होते हे खरंच. वय वाढलं की आधी वरच्या पट्टीचे, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. 'स', 'त', 'क' अशी व्यंजनं ओळखू येतात ती याच बारीक आवाजांमुळे. अशा कानांना घुमणारी खोली म्हणजे दुहेरी शिक्षा. एका अक्षराचा नाद विरायच्या आत पुढचं अक्षर त्यावर येऊन आदळतं. आवाज वाढवला की घुमणंही तितकंच वाढतं.

आणि आमची खोली? जुन्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये असते तशी. दहा बाय बारा, उंची दहा फूट. खाली गुळगुळीत टाइल्स, ऑइलपेंट मारलेल्या उघड्या भिंती, एका बाजूला काचेची सरकती खिडकी, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट. आवाज शोषून घेईल असं काही म्हणजे काही नाही.

गाद्या वाहणारा प्राध्यापक

हे दुखणं नवं नाही. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग आर्ट म्युझियमचं नवं लेक्चर हॉल बांधून झालं होतं आणि तिथे प्राध्यापकांचं बोलणंच कुणाला कळत नव्हतं. एक शब्द उच्चारला की तो साधारण साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तोवर पुढचे दहा-बारा शब्द बोलून झालेले! हे निस्तरायचं काम आलं वॉलेस सबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञावर. वय अवघं २७.

रस्ता शांत झाला की मध्यरात्रीनंतर तो शेजारच्या सँडर्स थिएटरमधून खुर्च्यांच्या गाद्या हॉलमध्ये आणायचा. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि नाद विरायला किती वेळ लागतो हे मोजायचं. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळी थिएटर उघडायच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. या उद्योगातून खोलीचा आकार, आतल्या मऊ वस्तू आणि घुमण्याचा वेळ यांचं गणित जगाला मिळालं. १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच गणितावर बांधला गेला.

आवाज शोषण्याचं माप म्हणून सबाइनने काय धरलं होतं माहितीय? उघडी खिडकी! बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे आवाज शोषणारी सगळ्यात चांगली वस्तू तुमच्या भिंतीत आधीच बसवलेली आहे. फक्त रस्ता शांत हवा.

आधी सरकवा, मग बोला

पहिला उपाय शून्य रुपयांचा. स्पीकर कुठे ठेवलेत? एक कपाटावर, एक खिडकीच्या कट्ट्यावर? आधी खाली उतरवा. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. स्पीकरमधला छोटा गोल, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा. स्टँड नसेल तर दोन भक्कम स्टुलं चालतील.

आमच्या खोलीत शेवटी जमलेला हिशोब असा : दहा फुटी भिंतीसमोर दोन स्पीकर, एकमेकांपासून सहा फुटांवर, प्रत्येक बाजूच्या भिंतीपासून दोन फूट दूर, मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे. खुर्ची स्पीकरपासून सहा फुटांवर. याने आजोबांच्या पाठीमागे साडेचार फूट जागा मोकळी राहिली.

भिंतीपासून दूर का? कारण स्पीकरजवळची प्रत्येक भिंत बेसला फुगवते, आणि कोपऱ्यात तर दोन भिंती आणि जमीन मिळून त्याला चढवतात.

हे करताना वायरीही तपासा. लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरची वायर उलटी लागली तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि बेस गायब होतो. ही चूक हुशार लोकही करतात. (हो, मीही.)

बेस का घुमतो?

आता थोडं बारावीचं फिजिक्स. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ५७ हर्ट्झच्या सुराची लहर सुमारे २० फूट लांब असते. तिचा निम्मा भाग दहा फुटी खोलीत चपखल बसतो, आणि मग ती दोन भिंतींमध्ये अडकून झुलत राहते. आमची रुंदीही दहा फूट, उंचीही दहा. म्हणजे एकाच सुराला दोन दिशांनी झोका! बारा फुटी लांबीचा झोका ४७ हर्ट्झच्या आसपास. बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर साधारण ४१ हर्ट्झ असतो. म्हणजे हे दोन्ही झोके बरोबर बेसच्या वाटेत उभे.

अशा सुरांचा जोर भिंतीपाशी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात मोठ्या झोक्याचा खोलीच्या मध्यावर सगळ्यात कमी. म्हणून भिंतीला टेकून पलंगावर बसलात तर बेस अंगावर येतो आणि खोलीच्या मधोमध बसलात तर तो हरवतो. सोपा ठोकताळा : खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतर मागच्या भिंतीपासून सोडा आणि तिथे खुर्ची ठेवून बघा. बारा फुटांचे ३८ टक्के म्हणजे साडेचार फूट. वरचा आकडा तिथून आला.

सबवूफर असेल तर एक मजेशीर युक्ती आहे. सबवूफर तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, बेस असलेलं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस स्वच्छ, एकसारखा ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा. रांगताना रूममेट व्हिडिओ काढणार, त्याला इलाज नाही.

आरसा आणि गोधडी

आता मधल्या आणि वरच्या आवाजांकडे वळू. स्पीकरचा आवाज तुमच्याकडे थेट येतोच, पण बाजूच्या भिंतीवर आपटूनही येतो. आमच्या खोलीत हा दुसरा आवाज सुमारे अडीच मिलिसेकंद उशिरा पोहोचत होता. इतका कमी उशीर मेंदूला वेगळा कळत नाही. तो दोन्ही एकत्र कालवतो आणि चित्र पुसट होतं.

भिंतीवरची ती नेमकी जागा शोधायला हातआरसा घ्या. तुम्ही खुर्चीत बसा, मित्राला आरसा भिंतीला लावून हळूहळू सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथे खूण करा. दोन्ही बाजूंना तसंच. त्या खुणांवर काहीतरी जाड, मऊ टांगा. आम्ही आजीच्या दोन गोधड्या दांडीवर टांगल्या, भिंतीपासून चार बोटं पुढे. ही मधली जागा सोडणं महत्त्वाचं. कापड भिंतीला चिकटलेलं असेल तर ते फक्त बारीक आवाज खातं. मागे जागा असेल तर थोडे खालचे सूरही त्यात अडकतात.

स्पीकर आणि खुर्चीच्या मध्ये सतरंजी अंथरली, तीही दुहेरी घडी करून. कापसाची एक जादा गादी मागच्या कोपऱ्यात उभी केली. पाठीमागच्या भिंतीवर पुस्तकांचं उघडं शेल्फ आलं. पुस्तकं पुढे-मागे ठेवली की आवाज सरळ परत न येता विखुरतो. अभ्यासाची पुस्तकं शेवटी कामाला आली!

मग खडखड शोधा. मोबाइलवर टोन जनरेटरचं फुकट अ‍ॅप मिळतं. ३० हर्ट्झपासून हळूहळू २०० पर्यंत जा, पण आवाज बेताचाच ठेवा. आमच्याकडे कपाटाचं दार आणि वरचा पितळी डबा, दोघं सुरात सूर मिसळत होते. दाराच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सारली, डबा स्वयंपाकघरात गेला. ऐकताना पंखाही शक्यतो बंद ठेवा. त्याची घरघर बारीक आवाज गिळते.

इथे पैसे घालवू नका

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. ते वरचे थोडे आवाज सोडले तर काही करत नाहीत. बेसचं तर नावच नको. बेसच्या वीस फुटी लहरीपुढे इंचभर फोमचंही काही चालत नाही. शिवाय स्वस्त फोम भराभर पेटतो, हे विसरू नका. इक्वलायझरने घुमणारा सूर कमी करता येतो, पण खोलीने खाल्लेला सूर वाढवून परत येत नाही. तिथे खुर्चीच हलवावी लागते.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज : गोधडी टांगली म्हणजे खोली साउंडप्रूफ झाली. अजिबात नाही. आतलं घुमणं कमी झालं, एवढंच. शेजारच्या काकूंना सगळं ऐकू जातं. रात्री दहानंतर आवाज खाली!

आमचा सगळा खर्च दोन दांड्या, चार खिळे आणि एक रविवार. संध्याकाळी संतवाणी लावली. आजोबांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते आले आणि खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला. मला वाटलं, पुन्हा तेच, आता उठणार. ते म्हणाले, "जरा कमी कर गं आवाज. आता कळतंय सगळं."

कानांची तपासणी आम्ही केलीच, ती घरातल्या प्रत्येक आजी-आजोबांची करायला हवी. पण "त्यांना ऐकू येत नाही" असं म्हणून मोकळं होण्याआधी आपली खोलीही तपासा. सुरुवात सोपी आहे. पेपर खाली ठेवा, खोलीच्या मध्ये उभे राहा आणि टाळी वाजवा.