इटालियनची गोडी आणि तंजावरचा अनुभव

एखादी भाषा परक्या माणसाला गोड का वाटते आणि एखाद्या देशाचा स्वयंपाक दुसऱ्या देशाच्या चुलीपर्यंत कसा पोहोचतो, या दोन प्रश्नांचा विचार सहसा वेगवेगळा केला जातो. इटलीच्या बाबतीत मात्र ते एकमेकांपासून अलग करता येत नाहीत. इटलीपासून हजारो मैल दूर, कावेरीकाठी वसलेल्या तंजावरचा इतिहास या दोन्ही प्रश्नांवर चांगला प्रकाश टाकतो.

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज यांनी 1798 ते 1832 या काळात राज्य केले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी संस्कृत, मराठी, तमिळ आणि तेलुगू हस्तलिखितांच्या जोडीला युरोपीय भाषांतील ग्रंथांचा मोठा संग्रह केला. त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि लॅटिन यांच्याबरोबर इटालियन पुस्तकेही होती. त्या वेळी इटली हे एकसंध राष्ट्र नव्हते आणि तिच्या सत्तेचा तंजावरशी काही संबंधही नव्हता. असे असूनही तिची भाषा येथवर पोहोचली, याचे कारण युरोपात त्या भाषेला मिळालेल्या मानात शोधले पाहिजे.

इटालियन भाषेचे पहिले वैशिष्ट्य कानाला जाणवते. तिचे बहुतेक सर्व शब्द स्वरान्त असतात. ‘पाने’ म्हणजे पाव, ‘वीनो’ म्हणजे द्राक्षासव, ‘कासा’ म्हणजे घर. मराठीत ‘घर’ किंवा ‘भात’ उच्चारताना शेवटचा ‘अ’ लोप पावतो आणि शब्द व्यंजनावर थांबतो. इटालियनमध्ये तो स्वरावर मोकळा होतो. दुसरे वैशिष्ट्य द्वित्ताचे. मराठीत ‘गडी’ आणि ‘गड्डी’ यांत जसा अर्थभेद आहे, तसाच तेथे ‘पाला’ म्हणजे फावडे आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू यांत आहे. मोकळे स्वर आणि ठसठशीत द्वित्ते यांमुळे ही भाषा गायकाला विशेष सोयीची ठरते, कारण सूर लांबवायचा तो स्वरावरच लांबवावा लागतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्स येथे संगीतनाटकाचा, म्हणजे ऑपेराचा, जन्म झाला आणि तो युरोपभर पसरला. मोझार्टची मातृभाषा जर्मन होती. तरीही 1786 साली व्हिएन्नात रंगमंचावर आलेल्या त्याच्या ‘फिगारोचे लग्न’ या ऑपेराची संहिता इटालियन आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. 1861 साली इटलीचे एकीकरण झाले तेव्हा तेथील फारच थोड्या लोकांना प्रमाण इटालियन बोलता येत होती; अभ्यासकांचे अंदाज शेकडा अडीच ते दहा इतकेच आहेत. बाकीचे आपापल्या प्रांतिक बोली बोलत. म्हणजे घरच्यांनी पूर्णपणे आपलीशी करण्याआधीच ही भाषा गाण्याच्या द्वारे परक्यांच्या ओठी गेली होती.

तंजावरला हा अनुभव नवा नव्हता. येथे प्रजेची भाषा तमिळ आणि राजघराण्याची मराठी. पण गाण्याची भाषा प्रामुख्याने तेलुगू होती. तेलुगूही स्वरान्त आहे. मराठीतला ‘राम’ तेथे ‘रामुडु’ होतो. यामुळेच युरोपीय लेखकांनी तेलुगूला ‘पूर्वेकडील इटालियन’ असे म्हटले. मात्र केवळ नादामुळे तिला हे स्थान मिळाले नाही. मराठ्यांच्या आधी तंजावरवर राज्य करणाऱ्या नायक राजांनी तेलुगूला दरबारी प्रतिष्ठा दिली होती. भोसल्यांनी ती मोडली नाही, उलट वाढविली. शहाजी राजांनी (1684 ते 1712) मराठीप्रमाणे तेलुगूतही नाटके रचली. पुढे जवळच्याच तिरुवैयारू येथे त्यागराजांनी (1767 ते 1847) आपल्या बहुसंख्य कृती तेलुगूत केल्या. नादाची गोडी आणि आश्रयाचे बळ असा हा दुहेरी योग होता.

भाषेचे हे आकर्षण उलट दिशेनेही काम करते. 1680 साली उत्तर इटलीत जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक कोन्स्तान्त्सो बेस्की तमिळ देशात आले आणि वीरमामुनिवर या नावाने तमिळ साहित्यात अमर झाले. तंजावरच्या उत्तरेस, कोल्लिडम नदीपलीकडील एलाकुरिच्ची हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. त्यांनी ‘तेंबावणी’ हे महाकाव्य रचले आणि ‘चतुरकराती’ हा तमिळ शब्दकोश सिद्ध केला. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता हे खरे. परंतु केवळ उपदेशासाठी कोणी महाकाव्याच्या छंदांवर प्रभुत्व मिळवीत नाही.

आता स्वयंपाकाकडे वळू. इटलीत पो नदीच्या खोऱ्यात भात पिकतो आणि दक्षिणेकडे कठीण गव्हापासून पास्ता करतात. आपल्या शेवयांची आठवण करून देणारा हा पदार्थ दाताला किंचित लागेल इतपतच शिजवायचा, असा तेथील दंडक आहे. घटक थोडे आणि प्रत्येकाची चव वेगळी कळावी, हे या पाकपद्धतीचे मर्म. तिची खूण मानला जाणारा टोमॅटो मात्र मुळात अमेरिकेतला असून सोळाव्या शतकात तो इटलीत आला. आपल्याकडची मिरचीही त्याच खंडातून आली. तेव्हा ‘अस्सल’ म्हणजे ‘मूळचे’ असा अर्थ स्वयंपाकघरात चालत नाही; जे पचविले ते अस्सल.

पेल्लेग्रिनो आर्तुझी यांनी 1891 साली फ्लॉरेन्स येथे स्वखर्चाने एक पाककृतींचे पुस्तक छापले. 475 कृतींनी सुरू झालेले हे पुस्तक पुढील आवृत्त्यांत 790 कृतींपर्यंत वाढले. प्रांतोप्रांतीचे पदार्थ सुबोध इटालियनमध्ये सांगणाऱ्या या ग्रंथाने देशाला एकच वेळी स्वयंपाक आणि भाषा शिकविली. अशी लेखी पाकपरंपरा तंजावरपाशी त्याआधीच होती. सरफोजींच्या दरबारातील ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत असून त्यात देशी पदार्थांबरोबर इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांनाही स्थान आहे. सांबाराचे नाव संभाजीशी जोडणारी कथा येथे आवडीने सांगितली जाते. ती केवळ दंतकथा आहे. हा ग्रंथ मात्र लेखी आणि ठोस पुरावा आहे.

1855 साली तंजावरचे राज्य खालसा झाले. राजाश्रय संपल्यावर तेथील मराठी मुख्यतः घराच्या उंबऱ्याआत उरली आणि मोडी दप्तरे वाचणारे हात कमी होत गेले. इटालियनला रंगमंच, शाळा आणि छापील पुस्तक यांचा आधार मिळाला. तंजावरच्या मराठीला तसा आधार उरला नाही. गोडी कोणत्याही भाषेत असते, रुची कोणत्याही स्वयंपाकात असते. ती पुढच्या पिढीला आणि परक्या माणसाला लाभावी यासाठी कोणीतरी ती गावी, शिकवावी आणि लिहून ठेवावी लागते. सरस्वती महालातील हस्तलिखिते तंजावरने आपल्या वाट्याचे लेखन केल्याची साक्ष देतात. ती वाचण्याचे काम पुढील पिढ्यांकडे आहे.